चोराच्या खेळात मन का रमते?

सकाळच्या प्रार्थनेस मान लववून उभी राहणारी मुले मधल्या सुटीत एकमेकांस काय सांगत असतात, ते शिक्षकांच्या कानी आपोआप पडते. कोणी किती मोटारी पळविल्या, कोणास पोलिसांनी पुलावर गाठले, कोणी रणगाडा हस्तगत केला, अशी वर्णने इतक्या आवेशाने चाललेली असतात की, परक्या मनुष्यास वाटावे, येथे दरोडेखोरांची टोळीच विद्याभ्यास करीत आहे! वस्तुतः ही मुले सालस असतात. कोणाचे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करितात, कोणाची आई पालघरच्या बाजारात भाजी विकते, आणि स्वतः मुलांनी शेजाऱ्याच्या कुंपणातील पेरूही विचारल्यावाचून तोडलेला नसतो. ती बोलत असतात ते एका खेळाविषयी.

त्या खेळाचा नुसता धिक्कार करावा किंवा त्याची भलावण करावी, असा आमचा हेतू नाही. धिक्कार करणे सोपे असते, आणि त्याने मुलांचे कान तेवढे बंद होतात. सभ्य घरातील मुलास चोराची भूमिका इतकी गोड का वाटते, हा प्रश्न मात्र अभ्यासाच्या योग्यतेचा आहे. विद्यार्थी व पालक या उभयतांनी तो आमच्याबरोबर थोडा वेळ विचारात घ्यावा, अशी विनंती आहे.

१. खेळाची ओळख

खेळाचे नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो'. अमेरिकेत मोटार चोरण्याच्या गुन्ह्यास हेच नाव आहे. तेव्हा नावातच विषय आला. स्कॉटलंडमधील डंडी शहरी 'डीएमए डिझाइन' नावाची मंडळी होती, तिने हा खेळ १९९७ साली प्रथम बाहेर काढला. पुढे याच मंडळीचे 'रॉकस्टार नॉर्थ' असे नामांतर झाले. २००१ साली तिसरा भाग, २००२ साली 'व्हाइस सिटी', २००४ साली 'सॅन अँड्रियास' आणि २०१३ साली पाचवा भाग, असा हा वंशविस्तार आहे. पाचव्या भागाची विक्री पहिल्या तीन दिवसांतच शंभर कोटी डॉलरांवर गेली, आणि पुढे त्याच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आपल्या देशात घरोघरी चांगले संगणक नव्हते, त्या काळी 'व्हाइस सिटी' सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने खेळत. एक मुलगा खेळे आणि चार जण त्याच्या खुर्चीमागे उभे राहून सल्ला देत. आज पालक झालेल्या कित्येकांनी त्या खुर्चीमागे उभे राहून आपले खाऊचे पैसे खर्च केले असतील. कथा १९८६ सालातील एका कल्पित शहरात घडते. त्या शहराचा नमुना अमेरिकेतील मायामी हा आहे. नायक टॉमी व्हर्सेटी पंधरा वर्षांचा तुरुंगवास भोगून नुकताच सुटलेला आहे, आणि शहरातील गुन्हेगारीचे राज्य काबीज करणे हा त्याचा उद्योग आहे. खून, लूट, अमली पदार्थांचा व्यापार, शिवीगाळ हे सर्व त्यात आहे. म्हणूनच अमेरिकेत हा खेळ सतरा वर्षांवरील व इंग्लंडात अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच योग्य ठरविला गेला. आठवी-नववीतील मुलांसाठी तो केलेलाच नाही, ही गोष्ट पालकांनी प्रथम ध्यानात धरावी.

२. मोहिनी कशाची?

हा खेळ नीट पाहिला असता एक नवल दिसून येते. त्यात चोरी करता येते हे खरे. परंतु टॅक्सी घेऊन उतारूंना इष्ट स्थळी पोहोचविता येते, अग्निशामक गाडी घेऊन आग विझविता येते, रुग्णवाहिका चालवून आजाऱ्यांस वेळेत इस्पितळी नेता येते. जो मुलगा दहा मिनिटांपूर्वी मोटारी पळवीत होता, तोच रुग्णवाहिकेत बसला म्हणजे रोगी दगावू नये म्हणून जिवाचा आटापिटा करितो. यावरून मुलाचे मन केवळ पापासाठी आसुसलेले असते, असे म्हणता येत नाही. त्यास ओढणाऱ्या गोष्टी आमच्या मते मुख्यतः तीन आहेत.

पहिली, मोकळीक. जुन्या खेळांत एकच ठरलेली वाट असे. येथे संपूर्ण शहर खुले असते. नेमून दिलेली कामगिरी करावी, नाही तर समुद्रकाठाने नुसते भटकावे, मोटारीतील रेडिओ ऐकत सूर्यास्त पाहावा. कोणी हटकीत नाही. घंटेच्या ठोक्याला उठणाऱ्या, शाळेतून शिकवणीस आणि शिकवणीतून घरी हाकल्या जाणाऱ्या मुलास ही मोकळीक किती हवीशी वाटत असेल, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी करावयास हवा.

दुसरी, कौशल्य. भरधाव वेगात वळण साधणे, नकाशा पाहून जवळची वाट शोधणे, फसलेली कामगिरी पुनःपुन्हा करून साध्य करणे, यात बुद्धीचा व हाताचा कस लागतो, आणि यशाची पावती तत्काळ मिळते. भूमितीच्या सिद्धांताची पावती मिळावयास परीक्षेपर्यंत थांबावे लागते!

तिसरी, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परिणामांपासून सुटका. गुन्हा केला की पडद्यावर तारे उमटतात. एका ताऱ्यावर शिपाई मागे लागतो, सहा ताऱ्यांवर लष्कराचे रणगाडे येतात. परंतु एका ठरावीक दुकानात मोटार नेऊन तिला नवा रंग दिला की तारे विझतात, आणि पोलीस सर्व काही विसरतात. पकडले गेलात तर शस्त्रे व थोडे पैसे जातात आणि तुम्ही चौकीच्या दारातून बाहेर पडता. मेलात तर इस्पितळाच्या दारातून बाहेर पडता. ज्या जगात मृत्यू म्हणजे थोडासा खोळंबा असतो, त्या जगात धाडस करावयास भीती कसली?

निर्मात्यांनी सांगितलेली एक हकीकत येथे उद्बोधक आहे. आरंभी या खेळाची योजना चोर-पोलिसांची होती; खेळणाऱ्याने वाटल्यास पोलीस व्हावे, वाटल्यास चोर. पोलीस होऊन नियम पाळीत गाडी हाकणे कंटाळवाणे ठरले. त्यातच संगणकाच्या आज्ञावलीतील एका चुकीमुळे पोलिसांच्या गाड्या वेड्यासारख्या अंगावर येऊ लागल्या, आणि पाहणी करणाऱ्यांस तीच चूक सर्वांत रंजक वाटली! पळणे व पाठलाग यांचाच आनंद शेवटी खेळाचा गाभा ठरला. लपंडाव आणि शिवाशिवी खेळणाऱ्या मुलांस हा आनंद पूर्वापार ठाऊक आहे.

३. गवगव्याचा व्यापार

एक चौथे कारण खेळाच्या बाहेरचे आहे. १९९७ साली खेळ बाजारात येण्यापूर्वीच त्याच्याविरुद्ध इंग्लंडात मोठी ओरड झाली. लॉर्डांच्या सभेतही प्रश्न निघाला. ही ओरड पुष्कळ अंशी घडवून आणलेली होती. प्रसिद्धीच्या कामात मुरलेल्या मॅक्स क्लिफर्ड या गृहस्थास प्रकाशकांनी मुद्दाम नेमले होते, आणि खेळाविषयी लोकांत संताप उसळावा अशी तजवीज त्यानेच केली. सज्जन मंडळी जो जो रागावली, तो तो जाहिरात फुकट होत गेली.

पुढे सर्वच वाद बनावट होते असे मात्र नव्हे. 'व्हाइस सिटी'तील काही वाक्यांमुळे अमेरिकेतील हैती देशाच्या लोकांचा अपमान झाला, त्यांनी निषेध केला, आणि ती वाक्ये काढण्याचे निर्मात्यांस कबूल करावे लागले. परंतु मूळचा धडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. "हे वाईट आहे, पाहू नका" हे वाक्य व्यापाऱ्यास हवेच असते. मुलांनो, आपण बंडखोर आहो असे वाटून तुम्ही तो खेळ उघडता, तेव्हा तुमचे ते बंडही कोणी तरी आधी हिशेबात धरून त्याची किंमत वसूल केलेली असते.

४. ही ओढ नवी नव्हे

संत ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी आपल्या आत्मचरित्रात सोळाव्या वर्षीची एक चोरी नमूद केली आहे. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी रात्री एका झाडाची नासपती चोरली. त्यांस भूक नव्हती. त्यांच्या घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. मग चोरी केली कशासाठी? ऑगस्टीन यांनी या प्रश्नावर पानेच्या पाने खर्च केली आहेत. मना केलेले करण्यात एक गोडी होती, ही एक गोष्ट त्यांनी ओळखली. आणि एकटा असतो तर ते कृत्य केलेच नसते, ही दुसरी. सायबर कॅफेतील खुर्चीमागे उभी असलेली ती चार मुले येथे आठवतात.

आपल्या जिल्ह्यातील अर्नाळा गावाचे नाव आडनावात धारण करणारे बाबुराव अर्नाळकर यांनी मराठीत एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार व काळा पहाड हे त्यांचे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांस शासन करीत. आपल्या आजोबांच्या पिढीने ती पुस्तके अभ्यासाच्या पुस्तकाखाली दडवून वाचली. वडिलांनी ती पाहून डोळे वटारले. आणि ते वाचक पुढे कारकून, शिक्षक व शेतकरी झाले, चोर झाले नाहीत. कथेत व खेळात भेद आहे, हे आम्ही विसरत नाही. कथेत कृत्य नायकाचे असते व आपण पाहणारे असतो. खेळात कळ आपल्या बोटाखाली असते. तथापि नियमाबाहेरच्या मनुष्याचे आकर्षण ही संगणकाने आणलेली रोगराई नसून मनुष्यस्वभावातील जुनी खोड आहे, एवढे यावरून सिद्ध होते.

५. खेळाने मुले गुन्हेगार होतात काय?

पालक हा प्रश्न आवर्जून विचारतात, म्हणून त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मुले स्वतःविषयी काय सांगतात एवढ्यावरच विसंबून न राहता त्यांच्या पालकांसही त्यांच्या वागणुकीविषयी विचारले होते. हिंसक खेळांवर घालविलेला वेळ व मुलांचा आक्रस्ताळेपणा यांत संबंध आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघाने २०१५ साली असे मत दिले की, अशा खेळांचा चिडखोरपणाशी काही संबंध दिसतो. परंतु त्यांमुळे प्रत्यक्ष गुन्हे घडतात असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. तेव्हा खेळणारा प्रत्येक मुलगा तुरुंगाच्या वाटेस लागला, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. असत्य भीती घालून सन्मार्ग शिकविता येत नाही; मुलास ती खोटी असल्याचे कळले की आपले खरे बोलणेही तो ऐकेनासा होतो.

मग आक्षेप कशास घ्यावयाचा? आमचे म्हणणे असे आहे की, खेळात काय घातले आहे यापेक्षा त्यातून काय वगळले आहे, तिकडे पाहावे.

६. वगळलेला शेजारी

गुन्ह्याची एक गोष्ट आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे, आणि ती सांगणारे खुद्द प्रभू येशू आहेत. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावर लुटारूंनी एका वाटसरूस गाठले, त्याचे कपडे हिरावले, मारहाण केली व अर्धमेला टाकून ते निघून गेले. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील हा दाखला आहे. म्हणजे कथेत गुन्हा असणे हे काही पाप नव्हे. प्रश्न असा की, ऐकणाऱ्यास उभे कोठे केले आहे?

संगणकाच्या खेळात लुटारूंबरोबर आपणही पुढे निघून जातो. मागे पडलेला मनुष्य थोड्याच वेळात रस्त्यावरून नाहीसा होतो. तो कोण होता, कोठे चालला होता, त्याची वाट कोण पाहत होते, हे कोणी विचारीत नाही, कारण त्यास घरच नसते. प्रभूच्या दाखल्यात नेमके उलट घडते. लुटारू एका वाक्यात येतात व जातात, आणि सगळी कथा त्या पडलेल्या मनुष्यापाशी थांबून राहते. याजक येतो, लेवी येतो, दोघेही बाजूने निघून जातात. शेवटी शोमरोनी येतो; जखमा बांधतो, त्यास आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेत नेतो व खर्चाचे पैसेही देतो. त्या मनुष्याचे नाव दाखल्यातही नाही. परंतु त्याची जखम आहे, तिच्यावर ओतलेले तेल आहे, आणि त्याच्या मुक्कामाचा हिशेबही आहे.

म्हणून आम्हांस वाटते की, या खेळाने मुलगा लुटारू होईल ही भीती मुख्य नव्हे. याजक व लेवी हे लुटारू नव्हते. सभ्य गृहस्थ होते. पडलेल्याकडे न पाहता पुढे जाण्याची त्यांस सवय झाली होती, एवढेच. तासन्तास नावाविना, घराविना माणसांमधून गाडी हाकीत असता आपल्या मनास कशाची सवय लागत आहे, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

यासाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. मुंबईच्या 'गेमिऑन स्टुडिओज' या संस्थेने मुंबईच्या रस्त्यांवर मोकळे हिंडता येईल असा 'मुंबई गल्लीज' नावाचा खेळ आपण तयार करीत असल्याचे २०२० साली जाहीर केले. तेव्हा असाच एखादा खेळ आपल्या बोईसरचा आहे, अशी कल्पना करा. स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग आहे. तारापूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेले कामगार सायकलींवरून खोलीकडे परतत आहेत. डोक्यावर पाटी घेऊन वारली बाई बाजाराकडे निघाली आहे. डहाणूहून आलेली लोकल गाठण्यासाठी तुमचीच मावशी रस्ता ओलांडीत आहे. आता भरधाव गाडी या गर्दीत घाला पाहू! बोट कळीवर अडते ना? ते जेथे अडले, तेथे शेजारी सुरू होतो. मायामीच्या त्या रस्त्यावर बोट अडले नाही, कारण तेथील कोणी आपला आहे असे खेळाने आपणांस वाटूच दिले नाही.

७. पडद्याबाहेरचा रस्ता

हा विषय पडद्यापुरताच असता तर आम्ही इतकी पाने खर्च केली नसती. परंतु आपल्या भागातील मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी वडिलांच्या मोटारसायकलीची किल्ली मागतात, आणि पुष्कळ वडील ती कौतुकाने देतात.

पुण्यातील कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. त्यास कोणत्या खेळाने बिघडविले, असा आरोप आम्ही करीत नाही. तसे म्हणावयास कोणताही आधार नाही. परंतु पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. त्या मुलास प्रथम जामीन देताना अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, आणि लोक संतापले. निबंध लिहवून घेणे हा तर आम्हां शिक्षकांचा धंदा. त्याचे मोल आम्ही जाणतो, आणि दोन जिवांपुढे ते किती तोकडे आहे हेही जाणतो. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून मुलाचे आईबाप व डॉक्टर यांस अटक झाली. आरोपाचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. आपण इतकेच पाहावे की, गाडीस नवा रंग देऊन तारे विझविण्याचे दुकान खऱ्या जगात नाही. आणि मुलासाठी ते उघडण्याचा मोह मुलांपेक्षा मोठ्यांसच अधिक होण्याचा संभव असतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

८. काय करावे?

पालकांस आमची सूचना अशी की, खेळाच्या वेष्टनावर किंवा माहितीत वयाचा जो आकडा असतो तो प्रथम पाहावा, आणि तो अठरा असेल तर लहान मुलास निश्चयाने नकार द्यावा. परंतु नकार आरडाओरडीने देऊ नये. त्यामुळे फळ अधिक गोड होते, हे ऑगस्टीन यांच्या नासपतीवरून आपण शिकलोच आहो. मुलाजवळ बसावे, "मला दाखव, यात तुला काय आवडते?" असे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. त्यास मोकळीक हवी असेल तर ती द्यावी. पालघरपासून जवळच वाघोबा खिंडीपाशी काळदुर्ग आहे. तेथे मित्रांसह चढावे. केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत सायकलीने जावे. नकाशा हाती देऊन वाट त्यालाच शोधू द्यावी. एखाद्यास खेळाच्या रचनेचेच कुतूहल असेल तर त्यास आज्ञावली लिहावयास शिकवावे; शाळेतील संगणक त्यासाठीच आहेत.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत व शक्य तर घरी वाचून दाखवावीत.

पहिला: तुम्हांस आवडणाऱ्या खेळात मोकळीक, कौशल्य आणि परिणामांपासून सुटका यांपैकी कोणती गोष्ट तुम्हांस अधिक ओढते? खेळ बंद केल्यावर ती तुम्हांस कोठे मिळते?

दुसरा: एखादी गोष्ट केवळ मित्र सोबत होते म्हणून तुम्ही केली आहे काय? एकटे असता तर काय केले असते?

तिसरा: खेळातील रस्त्यावर पडलेल्या एका मनुष्यास नाव, घर व वाट पाहणारे कोणी तरी द्या, आणि त्या दिवसाची गोष्ट त्याच्या बाजूने दहा ओळींत लिहा.

या तिसऱ्या प्रश्नास गुण ठेवलेले नाहीत. परंतु तो सोडविल्यानंतर बोईसरच्या रस्त्यावरून जाताना समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या चेहऱ्याकडे जर कोणा मुलाचे क्षणभर लक्ष गेले, तर हा धडा त्यास उत्तम प्रकारे समजला, असे आम्ही समजू.